तुळशीला लावलेला मंगळ

शेतात बसून कांद्याची पात कापताना डोळ्यांना फारसं पाणी येत नाही, हे शहरातल्या माणसांना सांगून पटत नाही. उघड्यावर वारा असतो. झोंबणारं जे काही असेल ते तो घेऊन जातो. डोळे भरायचे ते घरात, बंद स्वयंपाकघरात, एखाद्या कांद्यावर. रानात ढिगाने कांदे कापून बाई कोरडीच्या कोरडी. दर मार्चमध्ये आळ्याहून माझ्या भावाचा फोन येतो, "ये चार दिवस, काढणी लागलीय," आणि मी पन्नाशी ओलांडलेले गुडघे घेऊन विळा धरायला जाते. माझ्या कापण्यावर दादाचं काही भागत नाही. मी कापलेले कांदे मजूर बायका हळूच बाजूला ओढून पुन्हा कापतात, ते मला दिसतं. मी दिसलं नाही असं दाखवते, त्या कापलं नाही असं दाखवतात. हंगाम गोडीत पार पडतो.

त्या दिवसांना एक वास असतो. उपटलेल्या मातीचा, उन्हात पिवळ्या पडत चाललेल्या पातीचा, फाट्याकडे निघालेल्या पिकअप गाड्यांच्या धुराचा. गाड्यांच्या मागे लालसर टरफलं उडत राहतात, कुंपणाला अडकतात, बायकांच्या केसांत बसतात. दुपारी सावलीला भाकरी सोडली की भाकरीलाही तोच वास. हा वास नाकात गेला की मी इथली राहत नाही. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते, पाठीवर हातोडी असलेली पिशवी असते, आणि मला वाटत असतं की आपण मंगळावर पोचायला आता थोडंच अंतर उरलंय.

मी ग्रहविज्ञानातली बाई. म्हणजे होते. आता तालुक्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. बाकीचे ग्रह सुटले, हा एवढा एकच हाताशी राहिला. पत्रिकेतल्या मंगळावरून माझी थट्टा करणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटतं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. माझ्या लग्नात ते भटजींना सुचलं होतं, मुलाखतीत परीक्षकांना सुचलं, परवा रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांना सुचलं. मी दर वेळी हसते. आमच्या क्षेत्रात बाईला टिकायचं तर हे कसब आधी लागतं, जुन्या विनोदाला ताजं हसणं.

यंदाच्या काढणीला मात्र मी नुसती कांदे कापायला गेले नव्हते. दादाची धाकटी, ऋतुजा, भूशास्त्रात एम.एस्सी. झाली. परराज्यातल्या एका मोठ्या संस्थेत तिची पीएच.डी.साठी निवड झाली होती आणि विषय होता मंगळावरची चिकणमाती आणि आपल्या सह्याद्रीतले लाल थर. माझाच विषय, माझेच डोंगर. त्याच सुमाराला, घरच्यांच्या समाधानासाठी दिलेल्या बँकेच्या परीक्षेतही ती निवडली गेली. दोन्हीकडे पाडव्याच्या आत होय-नाही कळवायचं होतं. दादाने हात वर केले. "आमाला त्यातलं काय कळतंय? तू त्या वाटंनं जाऊन आलेली हायेस. तू सांगशील तसं करू." वहिनीने माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. ते कोणत्या बाजूचं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला ती जायला हवी होती. दुसऱ्याच्या मुलीसाठी इतकं हवं असणं बरं नव्हे, इतकं.

त्यात आणखी एक योग. पाडव्यानंतरच्या रविवारी कुणीतरी एक ऑनलाइन सत्र ठेवलं होतं, 'ग्रहविज्ञानातील महिला : अनुभव आणि मार्गदर्शन'. संयोजक फोनवर म्हणाले, "मॅडम, जरा प्रेरणादायी ठेवा. आणि फोटो साडीतला पाठवा, पोस्टरवर छान दिसतं." मी म्हटलं, बरं. म्हणजे माझ्याकडे एक भाषण तयार करायचं होतं आणि समोर एक मुलगी होती जिला त्याची खरोखर गरज होती. मी सकाळ-संध्याकाळ, पात कापता कापता, मार्गदर्शन सुरू केलं.

---

माझा तो हंगामही कांद्याचाच होता. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सासर येडगावला, धरणाच्या पाण्यालगत. मी पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते आणि माझे नमुने डिंभ्याच्या पुढे, घाटाकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होते. रस्त्यासाठी डोंगर कापला की आतला काळा कातळ दिसतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी लाल पट्टी असते, हातभर, कधी पुरुषभर उंच. विटेसारखी लाल, हात लावला की भुगा होणारी. आम्ही तिला रेड बोल म्हणतो. एक लाव्हा येऊन थंडावला, मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. त्या रिकाम्या काळात ऊन-पावसाने वरचा दगड कुजवून त्याची माती केली. मग दुसरा लाव्हा आला आणि तिच्यावर झाकण बसलं. मंगळावरही लाव्हा आहे, लाल माती आहे, आणि कधीकाळी पाणी असावं. तिथली माती हातात येत नाही म्हणून इथली वाचायची.

संस्थेची जीप होती. मुलांना मिळायची. मला मिळायची नाही, कारण ड्रायव्हरबरोबर एकटी बाई पाठवणं बरं दिसत नाही, असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले. एकटीने एसटीने जाणं मात्र त्याहून वाईट दिसतं, असं घरचे म्हणाले. बिबट्यांचे दिवस, उसात, ओढ्याला कुठेही. शेवटी माझा धाकटा दीर बापू माझ्याबरोबर यायचा असं ठरलं. संशोधन माझं, रक्षण त्याचं. बापू काठी घेऊन यायचा, मला खडकापाशी सोडायचा आणि समोरच्या झाडाखाली इतकं गाढ झोपायचा, की बिबट्या आला असता तर बापूला उठवायचं काम मलाच करावं लागलं असतं.

जागा असला की गप्पा मारायचा. "वहिनी, ह्या मातीत काय घावतंय?"

"पाणी होतं का, ते शोधतेय."

"मंग हीर पाडनाऱ्याला इचारा की राव! नारळ हातात घिऊन फिरतो, एका दिसात दावतो. तुमी तीन वर्सं कशाला घालवताय?"

डोंगरातल्या बायका तेव्हा हिरडा गोळा करत असायच्या. टोपल्या उतरवून कातळावर हिरडा वाळत घालताना माझ्याकडे टक लावून बघायच्या. एक जण जवळ आली. "काय गं बाय, तुमच्याकडं माती न्हाय व्हय?"

बापूने उत्तर दिलं, "हाये की. पर ही मंगळावानी हाये."

"मंगळावर कोन ऱ्हातंय?"

"कोन न्हाय."

"मंग कुनासाठी नेती?"

बापूने माझ्याकडे बघितलं. मी खडकाकडे बघितलं. पुढे कितीतरी समित्यांसमोर मी बसले. इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही.

नमुने कापडी पिशव्यांत भरायचे. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी. कोणता खडक, थरात किती उंचीवर, कोणत्या बाजूला. माती म्हणजे नमुना नव्हे. माती आणि ती कुठली हे माहीत असणं, दोन्ही मिळून नमुना होतो. त्या पिशव्या मी संस्थेत ठेवायला हव्या होत्या. पण माझं तिथलं कपाट लग्नानंतर एका नव्या मुलाला दिलं गेलं होतं. "तुम्ही आता किती दिवस येणार," असं कार्यालयातले म्हणाले होते, प्रेमाने, पेढा खाता खाता. म्हणून त्या पिशव्या येडगावला आमच्या पडवीत, भिंतीला ओळीने उभ्या होत्या. मार्चअखेर प्रकल्पाचे पैसे संपणार होते, त्याच्या आत सगळं मोजायला टाकायचं म्हणून मी दोन दिवस पुण्याला यंत्राची वेळ मागायला गेले.

परत आले तेव्हा पाडवा दुसऱ्या दिवशी होता. लांबूनच दिसलं. तुळशीवृंदावन असं लाल झालं होतं की आधी मला त्याचं कौतुकच वाटलं. मग उंबरठा दिसला. मग चूल. मग पायरीच्या दोन्ही कडा. अंगणात घमेलं पालथं घातलेलं आणि सासूबाई कोपरापर्यंत लाल हातांनी, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून मोकळं हसत होत्या.

"सूनबाई, लई गुनाची माती आनलीस गं! बाजारातला गेरू तीनदा द्यावा लागतो, तवा कुठं बसतो. ही एका हातात बसली बघ. शेजारची इचारत व्हती, कुठून आनली म्हनून. मी म्हनलं, आमची सून डोंगरात जाती पाडव्याच्या गेरूला."

पिशव्या धुऊन दोरीवर वाळत होत्या. त्यांत कुरडया भरायच्या होत्या. चिठ्ठ्या बंबात गेल्या होत्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे सणाच्या तोंडावर घरात लाल माती आली तर ती कशासाठी आली असेल? बारा महिने अंगण सारवणाऱ्या बाईला ती दुसऱ्या कशासाठी असते हे सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. मी "बरी आहे ना?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुढी उभारली. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण तुळशीला लावलेलं होतं आणि त्यावर हळद-कुंकू वाहून सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. त्या घरात माझ्या विज्ञानाची पूजा झाली ती तेवढी एकदा.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. चहा घेऊन आलेल्या शिपायालाही त्यांनी थांबवून सांगितलं. "अहो, यांच्या सासूने मंगळ सारवला!" मग डोळे पुसत मला म्हणाले, "नमुने घरी ठेवतात का कुणी?" कपाट कुठे गेलं ते त्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी पुन्हा गोळा करू म्हणाले. पुढच्या वर्षी माझ्या पोटात मुलगा होता आणि माझे खडक, माझं कपाट घेतलेल्या त्याच मुलाला दिले गेले. त्याला जीपही मिळाली. मुलगा हुशार होता. आजही आहे. मी नंतर उशिराने, कशाबशा उरलेल्या कामावर डॉक्टर झाले, वर्षानुवर्षं दर मार्चला नवी होणारी नोकरी केली, आणि एका मार्चला ती नवी झाली नाही.

सर मात्र ती गोष्ट परिषदांमध्ये, जेवणाच्या टेबलांवर सांगत राहिले. माझं नाव कुणाला माहीत नसायचं. सासूबाई प्रसिद्ध होत्या. मग मीच सांगायला लागले. दुसऱ्याने सांगून आपल्यावर हसण्यापेक्षा आपण सांगून हसवलेलं बरं. आता मी ती इतकी छान सांगते की ऐकणाऱ्याला त्यात कुणाचं काही गेलं असं वाटतच नाही.

---

तर हे सगळं मी ऋतुजाला सांगत होते. गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती. या वेळी मी तिच्यातली गंमत काढून आतलं दिलं. म्हटलं, नमुन्याचे नेहमी दोन भाग कर, आणि एक अशा जागी ठेव की जिथे तुझ्यावर प्रेम करणारं कुणी पोचणार नाही. कपाट पहिल्या दिवशी माग. गाडी मिळणार नाही म्हणाले तर तोंडी ऐकू नकोस, कारण विचार. बैठकीत चहाचा ट्रे आला की जागेवरून उठू नकोस, हात बांधून बस. एकदा कप वाटलेस की जन्मभर वाटशील. शोधनिबंधात नाव कितवं, ते काम सुरू व्हायच्या आधी ठरव. लग्नाचं कुणी विचारलं तर हसू नकोस. रडू तर नकोसच. रडायचं असेल तर डोळ्यांत कचरा गेला म्हणायची सोय म्हणून फिल्डवर रड.

"आणि पाणी पी," मी म्हटलं. "आम्ही पीत नव्हतो. डोंगरात आडोसा कुठे शोधायचा म्हणून दिवसभर कोरड्या. त्याचा मुतखडा झाला. माझ्या संशोधनातून निघालेला तेवढाच एक नमुना डॉक्टरांनी बाटलीत घालून हातात दिला, आणि त्यावर नाव माझं एकटीचं होतं."

शेजारच्या वाफ्यातल्या बायका फिसकन हसल्या. त्यांच्यातली हिराबाई, आमच्याकडे दर काढणीला येणारी, विळा थांबवून म्हणाली, "पोरीला लावून द्यायचंय का परत बोलवायचंय, ताई? अशानं तर कुनी सासरीबी जायचं न्हाय."

ऋतुजाही हसली. ती शहाणी मुलगी आहे, लक्ष देऊन ऐकते. तिचा हात चालू असतो आणि कांदा नीट कापलेला असतो.

---

काढणी संपत आली तेव्हा मी तिला घेऊन डिंभ्याला गेले. तो लाल थर तिला दाखवायचा होता. बोलून जे होत नव्हतं ते तो करील असं मला वाटत होतं. रस्ता रुंद झालाय. कडेला दोन-तीन हॉटेलं, भेळेची गाडी. धरणाचं पाणी उतरलेलं होतं, काठावर जाळी वाळत होती आणि मासळीचा वास. पण वळणापुढचा तो कापलेला डोंगर तसाच होता. काळ्यामधली लाल पट्टी, तिरप्या उन्हात पेटलेली. ऋतुजा धावत गेली. नखाने भुगा काढला, तळहातावर घेऊन बघत राहिली, मग जिभेच्या टोकाला लावला. चिकणमाती जिभेला चिकटते. आम्ही तशीच ओळखतो. हे तिला मी शिकवलं नव्हतं.

आणि मी काय केलं असेल? मी तिला म्हटलं, "इथे उभी राहू नको, वरून दगड सुटतात. शिवाय या वळणावर टगे गाड्या थांबवतात. फिल्डला नेहमी दोघी जा."

बस केव्हा येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. आम्ही थांब्याच्या ओट्यावर बसलो. मी पुढे चालू केलं. परराज्यात घर कसं बघायचं, मार्गदर्शकाच्या खोलीचं दार उघडं ठेवून बसायचं, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्या, तुला त्यात काय आवडायचं?"

"कशात?"

"कामात. कपाट झालं, जीप झाली, सर झाले, मुतखडा झाला. पण ह्या मातीचं तुला काय आवडायचं?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, सांगायला तोंड उघडलं, आणि आतून आलं ते, "तेच तर सांगतेय ना, कपाट असतं तर..."

तेवढ्यात बस आली. खिडकीशी बसून तिने बॅग मांडीवर घेतली आणि हळूच म्हणाली, "मी बँकेला हो कळवलंय. परवा."

बस सुरू झाली होती. मला आधी नीट ऐकू आलं नाही असं मी केलं. मग म्हटलं, "मला विचारायचं तरी."

"तुलाच तर विचारत होते गं. इतके दिवस." तिने माझा हात धरला. "रागावू नको. मी घाबरले नाहीये. पण मला एवढं हुशार राहून जगायचं नाही आत्या. सकाळी डोळे उघडल्यापासून कोण काय काढून घेईल याचा हिशेब. बँकेत निदान काउंटर माझं असेल, ते कुणी दुसऱ्याला देणार नाही."

"पण तू जीभ लावलीस."

"लावली की," ती म्हणाली. "आवडली."

घोडेगाव येईपर्यंत बाहेर कांद्याच्या गोण्या भरलेली एक गाडी आमच्यापुढे चालत होती आणि तिची टरफलं खिडकीतून आत येत होती.

---

दादाला आनंद झाला, तो त्याने माझ्यापासून लपवला. वहिनीने लपवला नाही. मी येडगावला घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या आता थकल्यात, ओट्यावर बसून असतात. म्हणाल्या, "ब्यांक म्हंजे सावली. बरं केलं पोरीनं." मग थोड्या वेळाने, "तू पन ब्यांकंत जायचं व्हतं."

मला राग आला तो कुणाचा, हे ठरवायला बरेच दिवस लागले. ऋतुजाचा नव्हता. मला राग येतो तो या सल्ल्यांच्या धंद्याचा. जीप ज्याने दिली नाही त्याला कुणी सत्राला बोलावून विचारत नाही, की बाबा, का दिली नाहीस? कपाट काढून घेणाऱ्यासाठी कार्यशाळा नसते. बोलावतात ते मला. काटे कुठे कुठे आहेत ते मी मुलींना दाखवायचं, त्यांनी ते पाठ करायचे, आणि काटे तिथेच. मी एका मुलीला सगळ्या काट्यांचे पत्ते बिनचूक दिले. वाट कुठे जाते ते सांगायचं राहून गेलं. असं होण्याइतकी माझी नजर खाली कुणी वळवली?

आणि गंमत अशी, की उत्तर मला येत होतं. पाडव्याच्या सकाळी पुरणाला हात लावताना ते आलं. संस्थेच्या तळघरात एक अंधारी खोली होती. चाचणीसाठी आधीच नेलेल्या मूठभर लाल मातीवर प्रकाश सोडायचा आणि परतून येणारा प्रकाश यंत्र कागदावर रेघ करून दाखवायचं. रेघ सरळ जात असते, आणि एका ठिकाणी अचानक खाली बसते. तिथला प्रकाश परत आलेला नसतो. तो मातीतल्या पाण्याने पिऊन घेतलेला असतो. डोळ्यांना ती माती कोरडी ठणठणीत. कणाकणात मात्र युगांपूर्वीचं पाणी धरून बसलेली. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानेही अशीच रेघ पाठवली होती. मी दोन कागद एकावर एक ठेवून दिव्यापुढे धरले. एक डिंभ्याचा, एक तिथला. दोन्ही रेघा एकाच जागी खाली बसत होत्या. खोलीत मी एकटी. मला वाटलं, ओरडावं. बाहेर, सोबतीला पुण्यालाही आलेला बापू पायरीवर झोपला होता.

हे मी ऋतुजाला त्या ओट्यावर सांगायला हवं होतं. ते आता सत्रात सांगायचं ठरवलं. मार्गदर्शनाची सगळी तयारी बाजूला ठेवली.

---

सत्राचं उद्घाटन माझं कपाट घेतलेल्या त्या हुशार मुलाच्या हस्ते झालं. आता तो विभागप्रमुख आहे, केस पिकलेत. तो मातृशक्तीबद्दल छान बोलला. मग माझी ओळख करून दिली गेली, आणि मी सुरू केलं, ती लाल पट्टी, ती अंधारी खोली, ती रेघ. पडद्यावर चौकटी चौकटींतून मुली बसलेल्या. कुणाच्या मागे भांड्यांची फळी, कुणाच्या मागे कॉलेजची भिंत. बऱ्याच चौकटी काळ्या. मी म्हटलं, "आणि मग ती रेघ एका ठिकाणी खाली बसते..."

"मॅडम, माफ करा," सूत्रसंचालक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हे फारच रंजक आहे, पण वेळ कमी आहे. मुलींना सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती याची, की घर आणि करिअर याचा समतोल तुम्ही कसा साधलात?"

आणि मग मी सांगितलं. सासूबाईंची गोष्ट सांगितली, घमेल्यासकट, कुरडयांसकट. छान रंगली. विभागप्रमुख मनापासून हसले, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. पडद्यावर टाळ्यांचे पिवळे हात उडाले. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, खूपच प्रेरणादायी, आणि आभार सुरू झाले.

आभारांच्या मध्येच एका काळ्या चौकटीतून आवाज आला. मागे पंपाची घरघर आणि कुणीतरी म्हशीला हाकलत होतं. मुलगी असावी चौदा-पंधराची, घाईघाईने बोलणारी.

"म्याडम, म्याडम, ती रेघ खाली का बसती? ते पुढचं राहिलं तुमचं."

"बाळा, प्रश्नांसाठी आता वेळ नाही," सूत्रसंचालक बाई म्हणाल्या. मी माझा माइक शोधत होते. तो त्यांनी बंद केला होता. मी चौकटीखालचं नाव वाचलं. 'अण्णा' एवढंच होतं, फोन वडिलांचा असावा. मग पडदाच गेला आणि काचेत माझा चष्मा दिसायला लागला.

मी लगेच संयोजकांना फोन लावला. म्हटलं, शेवटी ती मुलगी बोलली ना, तिचा नंबर हवाय, मला तिला एक सांगायचं राहिलंय.

"नाव काय मॅडम?"

"नाव कळलं नाही. चौकटीखाली अण्णा असं होतं. अण्णा म्हणून कुणी नोंदवलंय का बघता?"

पलीकडे थोडा वेळ काही खुडबूड झाली. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, काहीतरी गडबड होतेय तुमची. मुलींचं सत्र होतं ते. अण्णा कशाला येईल?"